पहिलं बोट

"मध खरा असेल तर पाण्यात सोडल्यावर धार न मोडता तळाला जातो," मी म्हणाले. "आणा पेलाभर पाणी."

हैबतीतात्यांना ते लागलं. डाळिंबाच्या बागेत पेट्या ठेवून मध काढणारा माणूस, त्यांची दोन्ही मुलं माझ्या हाताखाली शिकलेली. "बाई, तुमास्नी खोटा मध दीन व्हय मी?" असं म्हणत त्यांनी सुनेला हाक मारली. सून पाणी घेऊन आली. तात्यांनी बाटली वाकडी केली. सोनेरी धार सरळ तळाशी जाऊन बसली.

"आता काडी," मी म्हणाले. मधात बुडवलेली काडी पेटली तर त्यात पाणी नाही, हीसुद्धा माझी एक परीक्षा होती. पहिली विझली. दुसरी पेटली. माझं समाधान झालं.

"एवढं काय काम काढलंय मधाचं?"

"भाऊ बाप झाला माझा. आज सकाळी दहाला. मुलगा."

तात्यांचा सगळा राग गेला. सुनेनं चहा टाकला. नको नको म्हणत मी बसले. दुपारचा एक वाजत आला होता.

तासगावच्या हायस्कूलमध्ये मी जीवशास्त्र शिकवायची. दुकानातल्या मधात साखरेचा पाक मिसळलेला असतो हे मला ठाऊक होतं, आणि तसला मध माझ्या भाच्याच्या जिभेला लागू द्यायचा नाही हे मी महिनाभर आधी ठरवलं होतं. आमच्यात बाळाच्या जिभेला पहिलं बोट लागतं ते मधाचं, सोनं उगाळून. ज्याचं बोट लागेल त्याचे गुण बाळ घेतं म्हणतात. म्हणून घरातला शहाणा माणूस निवडायचा. आमच्या घरात शहाणी मी. लग्न न केलेली, बी.एस्सी. झालेली, पगार आणणारी. आई सातव्या महिन्यातच सांगून बसली होती, "पमाच्या हातचं बोट लागल्याबिगर लेकराच्या तोंडात दुधाचा थेंब जायचा न्हाई."

मी काय म्हणायला हवं होतं ते आज मला कळतं. तेव्हा मी हसले होते. मला ते आवडलं होतं.

*

अंजना माझ्या धाकट्या भावाची, सुभाषची बायको. लग्नाला नऊ वर्षं झालेली. दोनदा राहिलं होतं, दोन्हीदा तिसऱ्या महिन्यात गेलं. तिसऱ्यांदा टिकलं आणि सातव्या महिन्यात रक्तात साखर निघाली. विट्याच्या डॉक्टरांनी गोड बंद केलं, पंधरा दिवसांनी पुन्हा तपासलं आणि इन्सुलिनची इंजेक्शनं लिहून दिली. त्या दिवशी मी गावी पोचले तर स्वयंपाकघरात सुतक असल्यासारखं वातावरण. आई चुलीपाशी डोळे पुसत होती. अंजना भिंतीला टेकून बसली होती.

"माझंच रगात खराब," ती म्हणाली. "वन्सं, हे बी जाणार का हो?"

मला शिकवायला जागा मिळाली की मी थांबत नाही. मी पदर खोचून तिच्यासमोर मांडी घातली.

"ऐक. अण्णांना कसं ऐकू येतं?"

आमचे वडील ओट्यावर बसले होते. दोन्ही कानांनी अधू.

"चार हाका मारल्यावर," अंजना म्हणाली.

"बरोबर. आता असं समज, शरीरातला एकेक कण म्हणजे एकेक अण्णा. जेवलं की रक्तात साखर येते. तिला आत घ्या म्हणून सांगायचं काम इन्सुलिनचं. एरवी एका हाकेत कण ऐकतात. पण पोटात बाळ असलं की बाळाला पोसणारी वार असं काही पाझरते की कण बहिरे होतात. का, तर साखर तुझ्याकडंच संपू नये, बाळापर्यंत पोचावी. मग इन्सुलिननं चार हाका मारायच्या. बहुतेक बायकांचं शरीर मारतं. तुझं तीनच मारू शकतंय. एक कमी पडते. ती एक हाक या सुईतून बाहेरून द्यायची. एवढंच. रक्त खराब नाही, काही नाही."

अंजनानं ओट्याकडे बघितलं आणि खुदकन हसली. "मग अण्णांनाबी एक सुई द्या की."

त्या संध्याकाळी पहिलं इंजेक्शन तिनं स्वतःच्या हातानं घेतलं. पोटाची चिमूट धरली, डोळे मिटले, टोचलं. पुढचे दोन महिने तिनं माझा शब्द खाली पडू दिला नाही. भाकरी मोजून दीड. चहा बिनसाखरेचा. डोहाळजेवणाला बायकांनी पेढ्याची वाटी पुढे केली तर ही म्हणाली, "वन्संना विचारल्याबिगर न्हाई." बायका हसल्या. मी दारातून नको अशी मान हलवली आणि तिनं वाटी सरकवली. एका बाईचा माझ्यावर एवढा विश्वास आहे याचा मला गर्व होता.

नवव्या महिन्यात तिच्याबरोबर दवाखान्यात मीच गेले होते. डॉक्टरांनी सांगितलं, सिझर करावं लागेल, बाळ मोठं आहे. मग म्हणाल्या, "आणि जन्मल्या जन्मल्या अंगावर पाजायचं. तासाच्या आत. तेवढं विसरू नका." मी मान डोलावली. डायरीत लिहूनही घेतलं. हे सगळ्याच बायांना सांगत असतील, असं मला वाटलं.

*

बाळ जन्मलं त्या दिवशी सव्वादहाला शाळेत सुभाषचा फोन आला. "अक्का, पोरगा! सव्वाचार किलो!" तो रडत होता की हसत होता ते कळेना. मी मुख्याध्यापकांना सांगून निघाले. आधी घरी गेले, आजीची अंगठी काढायला. हिरवी चंदेरी नेसले. तेवढ्यात घरचा फोन वाजला. अंजना होती, सुभाषच्या मोबाइलवरून. शब्द ओढल्यासारखे येत होते. "वन्सं, निघाला का?" तिनं विचारलं. निघाले म्हणून मी फोन ठेवला. मग मधासाठी तात्यांचा मळा, तिथला चहा, मळ्यातून स्टँडपर्यंतची पायपीट. दीडची एसटी डोळ्यांदेखत गेली. पावणेदोनची मिळाली.

दवाखान्यात पोचले तेव्हा सव्वातीन झाले होते.

खोलीच्या दाराशीच आई उभी होती. नवं लुगडं, तोंडावर तेज. "आली गं बाई. किती वाट बघायची? पर सांगते, एक थेंब कुणाला लावू दिला न्हाई. ती शिस्टर दोन येळा विचारून गेली, दूध पाजलं का. पाजलं म्हणून सांगितलं मी. त्येंचं काय जातंय? तिकडं दुसरी बाई अडली हुती, तिच्यामागं पळाली ती."

"सकाळपासून काहीच नाही?" मी विचारलं.

"तुझ्याबिगर कसं?"

मला आत कुठंतरी टोचलं. टोचलं म्हणजे एवढंच, की उशीर जरा जास्तच झाला. मी चपला काढून आत गेले.

अंजना पलंगावर सपाट झोपलेली. सुभाष पायथ्याशी. बाळ तिच्या कुशीत दुपट्यात. खरोखर केवढं होतं ते! गाल भरलेले, मनगटाला वळ्या. शेजारच्या खोलीतली म्हातारी डोकावून म्हणाली, "लई गुणाचं हाय. सकाळी जरा कुरकुरलं, मग आवाज न्हाई बघा. जणू कळतंय त्याला, आत्या यायचीय."

"गुणाचं असणारच," आई म्हणाली.

अंजना जागी होती. ती माझ्याकडे बघत होती. मी तिच्या केसांवरून हात फिरवला. आईनं सहाण आणली होती. मी तिच्यावर मध ओतला, अंगठी उगाळली, उजव्या हाताचं बोट बुडवलं. सुभाषनं मोबाइल बाजूला ठेवून हात जोडले. मी बाळाच्या ओठांवर बोट टेकवलं.

नवं बाळ बोट धरतं, चोखतं. हे मी तीस वेळा पाहिलंय. त्यानं धरलं नाही. मी ओठ उघडून जिभेवर मध लावला. जीभ हलली नाही. मध ओठांच्या कोपऱ्यातून ओघळला आणि हनुवटीवरून दुपट्यावर गेला.

"झोपलंय," आई म्हणाली.

मी दुपटं उघडलं. अंग गार होतं. हात मोकळा झाला तसा तो झटके देऊ लागला, बारीक बारीक, एका तालात. मी तो धरला. धरला की थरथर थांबते, साधी थंडी असेल तर. थांबली नाही. माझ्या मुठीत तो हात उडत राहिला. मग डोळे वर गेले.

मी सिस्टर सिस्टर ओरडत धावले तेव्हा माझं बोट मधानं चिकट होतं. एवढं मला नक्की आठवतं, कारण दाराची कडी त्या बोटाला चिकटली.

सिस्टरनं टाच टोचून थेंब यंत्रावर घेतला. यंत्रावर आकडा आलाच नाही. साखर मोजता येण्याइतकीसुद्धा नाही, असा त्याचा अर्थ होता. "दूध पाजलं म्हणून सांगितलंत ना?" सिस्टर किंचाळली. डॉक्टर धावत आल्या. बाळाला ग्लुकोज लावून रुग्णवाहिकेतून लहान मुलांच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. सुभाष, मी आणि आई बरोबर गेलो. अंजनाला टाके होते, ती तिथेच राहिली. निघताना मी मागे वळून पाहिलं नाही.

*

संध्याकाळी त्या दवाखान्यातले डॉक्टर बाहेर आले. तरुण होते, थकलेले. त्यांनी समजावून सांगितलं आणि मी, शिकवणारी बाई, विद्यार्थ्यासारखी ऐकत उभी राहिले.

आईच्या रक्तातली जास्तीची साखर वारेतून बाळाकडे जाते. इन्सुलिन मात्र वार ओलांडत नाही. मग बाळ स्वतःचं इन्सुलिन तयार करतं, भरपूर. त्यावरच ते मोठं होतं, गुबगुबीत दिसतं. जन्मल्यावर नाळ कापली की साखर येणं त्या क्षणी थांबतं. इन्सुलिन थांबत नाही. होती नव्हती ती साखर ते ओढून घेतं आणि मेंदूला काही उरत नाही. एरवीचं बाळ काही तास काढू शकतं. हे बाळ नाही काढू शकत. याला पहिल्या तासात दूध लागतं.

मी अंजनाला अर्धाच धडा शिकवला होता. बहिरे अण्णा तिच्या अंगात होते. बाळाचे कान धड होते, आणि हाका थांबत नव्हत्या.

"पहिलं दूध किती वाजता दिलं?" डॉक्टरांनी विचारलं.

सुभाष आईकडे बघत होता.

"न्हाई दिलं," आई म्हणाली. तिचा आवाज मी ओळखला नाही. "मी थांबवलं हुतं. ही यायची म्हणून. पोरीची काय चूक न्हाई साहेब, ती शिकलेली हाय. माझ्या अडाणीपणानं झालं."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

चिन्मय जगला. हे नावही मीच काढून ठेवलं होतं. वर्षभरानं कळलं की त्याला नीट दिसत नाही. डोळे चांगले आहेत, पण डोळ्यांनी पाहिलेलं मेंदूला कळत नाही. मग फेफरं आलं. तो चौथ्या वर्षी बसला. चालला नाही. बोलला नाही. अंजनाला पुन्हा दिवस गेले नाहीत.

सुभाषनं आईशी बोलणं टाकलं. एका घरात राहून, एका चुलीवरचं जेवून सोळा वर्षं तो तिला "जेवलीस का" एवढंही म्हणाला नाही. भावकीतल्या बायका तोंडावर बोलायच्या, नातवाला उपाशी मारलं. आई ऐकून घ्यायची. चिन्मयचं सगळं तिनं केलं, शेवटपर्यंत. त्याला आंघोळ घालताना म्हणायची, "माझ्यामुळं रे बाळा." मी सुट्टीत जायची तेव्हा हे ऐकायची आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसायची.

त्या दिवसातली एक गोष्ट मी वर सांगितली ती अर्धी सांगितली. घरी आलेला फोन. अंजना फक्त "निघाला का" म्हणाली नव्हती. ती दबक्या आवाजात म्हणाली होती, "वन्सं, आई बाहेर गेल्यात, हेबी औषध आणायला गेलेत. कुणी न्हाई हितं. लेकरू तोंड हलवतंय. अंगाला लावू का? कुणाला कळायचं न्हाई."

तेव्हा अकरा वाजले होते. बाळ तासाचं झालं होतं.

आणि मी म्हणाले होते, "वेडी का काय तू? नऊ वर्षं थांबलीस, आता थोडं थांबवत नाही? अगं, बाळ पोटातून शिदोरी बांधून येतं. त्याला काही होत नाही. हे विज्ञान आहे, मी सांगते ना."

मला पहिलं बोट माझं हवं होतं. त्यात विज्ञान काही नव्हतं.

*

आई गेली. तिच्या तेराव्याला पंगती उठल्या, पाहुणे गेले. दुपार कलली होती. सोप्यात चिन्मय भिंतीला टेकून बसला होता, सोळा वर्षांचा, मिसरूड फुटलेला. अंजना त्याला गव्हाची खीर भरवत होती. सुभाष भांडी परत करायला गेला होता. मी तिच्या शेजारी बसले. सोळा वर्षं जे तोंडात अडकलं होतं ते मी एकदाचं बोलले.

"अंजना, आईनं माझं पाप डोक्यावर घेतलं. तिला माहीतही नव्हतं. तुला माहीत होतं. तू एका शब्दानं बोलली नाहीस. सुभाषला तरी सांगायचंस."

ती खीर ढवळत राहिली.

"का नाही सांगितलंस? माझी भीड होती?"

"भीड कशाची."

"मग?"

"तुमचं सांगितलं असतं, तर फुडचंबी सांगावं लागलं असतं." तिनं चमचा वाटीत ठेवला. "तुमी फोन ठिवला, वन्सं, त्याच्यानंतर आई आणखी पाव घंटा आल्या न्हाईत. मी एकटीच हुती. पोरगं माझ्या छातीशीच हुतं. तोंड घासून घासून त्यानं शोधलं. आपलं आपण. त्याला कुणी शिकवलं नव्हतं. लुगड्यावरनं त्याचं तोंड बरोबर जाग्यावर आलं. माझं दूधबी पाझरलं, मला कळलं." ती थांबली. "मी त्याचं तोंड हातानं बाजूला केलं. दोनदा. तिसऱ्यांदा त्यानं शोधलंच न्हाई."

मी चिन्मयच्या हनुवटीवरची खीर पदरानं पुसली.

"सांगितलं तुमी. थांबवलं आईंनी. पर तोंड मी फिरवलं," ती म्हणाली. "आई बोलणी खायच्या तेव्हा मला वाटायचं, उठावं आन् सांगावं. न्हाई सांगितलं. आता त्यांना कुठं जाऊन सांगू?"

मी रडत होते. ती रडत नव्हती. तिचं रडून झालं होतं कधीचं.

चिन्मयनं घशातून आवाज काढला. चमचा का आला नाही, हे त्याला कळत नव्हतं. अंजनानं वाटी उचलली आणि माझ्या हातात दिली.

"भरवा तुमी. मी जरा तोंडावर पाणी मारून येते."

ती मागच्या दारानं गेली. मी चमचा भरला, पुन्हा वाटीत ठेवला. मग बोटानंच खीर घेतली आणि त्याच्या ओठांपाशी नेली. त्याला दिसलं नाही. वास आला तशी त्यानं मान इकडून तिकडे वळवली, तोंड पुढे केलं आणि शोधू लागला.

मी बोट हलवलं नाही. त्याला सापडेपर्यंत तसंच धरून ठेवलं.